उंबरातली केंबरं

आज आम्ही बचत गटातल्या बायका एका झाडाबद्दल बोलणार आहोत, आणि आमच्या हातून होता होता राहिलेल्या चुकीबद्दलही.

आमच्या पाणवठ्यावर जुना उंबर आहे. फळं पिकली की खाली सडा पडतो, पाय घसरतात, घोंघावणाऱ्या माश्यांनी जीव नकोसा होतो. म्हणून महिला ग्रामसभेत आम्हीच हात वर केले होते, 'हे किड्यांचं झाड काढून टाका.' आपल्याकडे म्हणतातच ना, उंबर फोडून केंबरं काढू नयेत. आम्हीही कधी फोडून पाहिलं नव्हतं.

कॉलेजात शिकणाऱ्या आमच्यातल्या एकीच्या लेकीनं मात्र भिंग आणलं आणि कच्चं उंबर मधोमध चिरून आमच्यापुढे धरलं. आत बारीक बारीक फुलं, शेकड्यांनी! उंबराचं फूल कुणाला दिसत नाही असं आपण म्हणतो, कारण ते आतच फुलतं. आपण फळ म्हणतो ती खरं तर फुलांनी भरलेली बंद पिशवी.

मग या फुलांपर्यंत पराग नेणार कोण? वारा आत शिरत नाही, मधमाशीही नाही. ते काम करतं केंबरू. गांधीलमाशीच्या गोतातला, पण तिळाएवढा जीव. माणसाला चावत नाही, डसत नाही. उंबराच्या टोकाला बारीक तोंड असतं. मादी त्यातून अंग चेपत आत घुसते, तेव्हा तिचे पंखही तुटून जातात. परत फिरणं नाही. दुसऱ्या उंबरातून आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते.

ज्या फुलांत अंडी पडली त्यांत पिल्लं वाढतात, बाकीच्यांत बी धरतं. झाडानं जणू निम्मं घर पाहुणीला दिलेलं. पुढे आधी नर बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, उंबराच्या सालीला कोरून वाट करतात आणि मरतात. त्या वाटेनं माद्या पराग घेऊन उडतात. त्यानंतर उंबर पिकून लाल होतं. तोवर बहुतेक केंबरं उडून गेलेली असतात.

आता खरी गोष्ट ऐका. उडालेल्या मादीचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. एका झाडावरची उंबरं बहुतेक वेळा एकदमच वाढतात, म्हणून तिला त्याच झाडावर जागा मिळत नाही. वासाच्या मागानं, वाऱ्यावर स्वार होऊन तिला नेमक्या अवस्थेतलं दुसरं उंबराचं झाड गाठावं लागतं. वडापिंपळावर तिचं भागत नाही. त्यांची केंबरं वेगळी. म्हणजे शिवारात एक उंबर राखून चालत नाही, बरेच लागतात. केंबरं संपली तर उंबराला बी नाही, आणि उंबर संपला तर केंबरं नाहीत.

आणि उंबराच्या पंगतीला कोण कोण असतं! तांबट, बुलबुल, धनेश, वटवाघळं, उदमांजर. इतर झाडांवर फळ नसतं तेव्हाही कुठल्यातरी उंबराला बहर असतो.

आम्ही शिवार फिरून मोजलं. उंबर उरलेत 3. पूर्वी ओढ्याच्या काठानं रांग होती, असं आमच्या सासवा सांगतात. पुढच्या सभेत आम्ही आमची मागणी मागे घेतली. लाज वाटली, पण घेतली. घसरण्यावर उपाय साधा निघाला: फळांच्या दिवसांत आळीपाळीनं झाडलोट. गोळा केलेली फळं गुरं आवडीनं खातात.

मैत्रिणींनो, तुम्हीही आपल्या गावातले उंबर मोजा. शेजारच्या पिकावर औषध फवारताना त्याच्यावर तुषार जाऊ देऊ नका. विहिरीच्या कठड्यात पाखरांनी टाकलेल्या बियांतून रोप उगवलं असेल, तर पावसाळ्यात अलगद काढून ओढ्याकाठी लावा. आम्ही अशी 2 लावली आहेत. त्यांना फळं यायला बरीच वर्षं जातील. तोवर उरलेले 3 सांभाळणं आमच्याच हातात आहे.