ग्रामीण भगिनींच्या आरोग्यरीती आणि आमची परिचर्या

(१२ मे, जागतिक परिचारिका दिनाच्या सभेत परिचर्या विभागाच्या वतीने वाचलेले भाषण)



खाटांची, शस्त्रक्रियांची व प्रसूतींची संख्या आपण या अहवालात दरवर्षी वाचता. आज आम्हां परिचारिकांना बोलण्याची संधी मिळाली आहे, तेव्हा आकड्यांत न मावणाऱ्या एका विषयावर बोलावे असे आम्ही ठरविले. बाळंतपणासाठी खेड्यातून येणारी भगिनी एकटी येत नाही. तिच्यासोबत आई किंवा सासू, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीती रुग्णालयाची पायरी चढतात. त्या रीतींशी आम्ही कसे वागलो, हे सांगताना आरंभ आमच्या चुकीपासूनच केला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एक पहिलटकरीण आमच्याकडे प्रसूत झाली. बाळाचे वजन एक किलो नऊशे ग्रॅम होते. आणखी आठवडाभर थांबावे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. पाचव्या दिवशी सकाळीच घरच्यांनी निघण्याची घाई केली. आम्ही समजावले, रागावलो आणि शेवटी कागदावर अंगठा घेतला. सातव्या दिवशी बाळ परत आले, तेव्हा त्याचे अंग गार पडले होते व त्याने दूध ओढणे सोडले होते. आम्हांला ते वाचविता आले नाही. 'सल्ला न मानता नेले' अशी नोंद केसपेपरवर होती. नोंद खरी होती; परंतु का नेले, हे आमच्यापैकी एकीनेही विचारले नव्हते. बाळाच्या आजीने नंतर सांगितले, त्या दिवशी पाचवी होती. सटवाई नशीब लिहावयास येणार आणि बाळ घरी नाही, हे त्यांच्या मनाला सोसवेना. आमच्यापैकी बहुतेकींच्या माहेरी-सासरी पाचवी पुजली जाते. तरीही गणवेश चढविल्यावर ते आम्हांला सुचले नाही, याची खंत आजही आहे.

आता पाचवी आमच्या व्हरांड्यात पुजली जाते. पाटा-वरवंटा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून येतो, कोरा कागद व लेखणी आमच्या टेबलावरून. प्राणवायूच्या नळ्यांमुळे दिवा मात्र खोलीत लावू देत नाही. तो बाहेर ओट्यावर असतो. कमी वजनाचे बाळ त्या वेळीही आईच्या उराशी, कातडीला कातडी लागलेलेच राहते. हे एकदा ठरल्यापासून घरी नेण्याची घाई पुष्कळ कमी झाली आहे.

मॅडलिन लेनिंजर या अमेरिकी परिचारिकेने मानववंशशास्त्राचा अभ्यास करून परिचर्येची एक वाट दाखविली. काही रीती जपाव्यात, काहींशी जुळवून घ्यावे आणि काही रुग्णाच्या सहमतीने बदलाव्यात, असे त्यांचे म्हणणे. ऐकावयास हे सोपे आहे. कोणती रीत कोठे बसवायची, हे मात्र रात्रपाळीच्या सिस्टरलाच ठरवावे लागते.

जेवणाचेच पाहा. वॉर्डातील दही-भाताचे ताट बाळंतिणी जसेच्या तसे परत पाठवीत. दही-भात थंड, बाळंतिणीला बाधतो, ही समजूत. खाटेखाली मात्र फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी सापडे, आणि आम्ही ती नियमाप्रमाणे बाहेर काढीत असू. अन्न उत्तम, भूक खरी, आणि अडवणूक आमची! आज तीच भाकरी, आळिवाची खीर व डिंकाचा लाडू आम्ही आनंदाने चालू देतो. पाणी कमी प्यावे, ही समजूत मात्र बदलावी लागते. नाळेला हळद वा राख लावणे, कानात तेल घालणे, जन्मताच अंघोळ घालणे व बंद खोलीत शेगडी ठेवणे, या बाबतींत आम्ही ठाम राहतो.

सर्वांत कठीण प्रसंग पहिल्या दुधाचा. 'चीक जड असतो, बाळाला पचत नाही,' असे म्हणून तो पिळून टाकला जाई. पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे, असे आम्ही तक्त्यावर बोट ठेवून सांगत असू, आणि आजी मान हलवून बाळाला मध चाटवीत. शेवटी आमच्या एका सिस्टरने विचारले, "आजी, गाय व्याली की पहिला चीक कुणाला पाजता?" उत्तर आले, "वासराला. त्याबिगर ते उभं ऱ्हाईल व्हय?" क्षणभर दोघीही गप्प झाल्या. मग आजींनीच सुनेच्या पाठीशी उशी लावली.

बाळंतपणाचे निदान उघडपणे बोलले तरी जाते. इतर दुखण्यांचे तसे नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. आमच्या बाह्यरुग्ण विभागातही स्त्री आधी 'कंबर धरते' किंवा 'अशक्तपणा आहे' एवढेच म्हणते. 'अंगावरून पांढरं जातं' हे वाक्य तिसऱ्या भेटीत येते, आणि तेही सोबतचा पुरुष औषध आणावयास गेला तरच. म्हणून नव्या परिचारिकांना आम्ही औषधांच्या नावांबरोबर 'पिशवी', 'बाहेरची बसणे', 'कावळा शिवणे' हे शब्दही शिकवितो, आणि हे शब्द ऐकून हसू नये, हेही.

याच संदर्भात आमच्या दोन मागण्या आहेत. बाह्यरुग्ण विभागातील तपासणीच्या जागेला आज केवळ पडदा आहे. पलीकडे बाकावर गावचीच माणसे बसलेली असतात. तेथे दार असलेली खोली हवी. दुसरे म्हणजे, नातेवाइकांना भाकरी गरम करता येईल असा छोटा ओटा वॉर्डाच्या मागील अंगणात हवा. दोन्हींची अंदाजपत्रके कार्यालयात ठेवली आहेत. आपण ती अवश्य पाहावीत, आणि शक्य झाल्यास त्याआधी ती जागाही पाहावी. दुपारी बारापूर्वी आलात, तर पडद्याची अडचण आपणांस सांगावी लागणार नाही.