'पोरगं बिघडलंय' म्हणण्याआधी
(नाशिक येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुम्ही मला 'मुलांच्या मानसिक समस्या' या विषयावर बोलायला बोलावलंत. मी एकाच मुलाविषयी बोलणार आहे, कारण त्याच्या बाबतीत मी आधी चुकले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सिडकोतल्या दोन खोल्यांतला आठ वर्षांचा मुलगा. वडील सातपूरला कारखान्यात. मुलगा शाळेत मारामाऱ्या करी, वर्गात पेंगे, रात्री अंथरूण ओलं करी. शाळेने बजावलं होतं, "कुणाला तरी दाखवा, नाहीतर दाखला घेऊन जा." आईवडील दोघं आले. वडीलच बोलत होते, "हिनेच लाडावून ठेवलाय." मी त्यांच्यासमोरच आईला विचारलं, "घरी काही ताण?" ती "नाही" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मी तिला वेळापत्रक आखून दिलं, शाबासकी कशी द्यायची ते सांगितलं. म्हणजे सगळं काम पुन्हा तिच्याच पदरात टाकलं, आणि मूल सुधारलं नाही तर त्याचा दोषही.

आईकडे बोट दाखवायची आमच्या शास्त्राला जुनी खोड आहे. लंडनच्या जॉन बोल्बी यांनी १९४४ साली चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी आईपासून दुरावणं हे त्यांना मोठं कारण दिसलं. मुलाला मायेचा आधार लागतो, हे खरंच. पण त्यातून 'आई कुठे कमी पडली' एवढाच सोपा प्रश्न लोकांनी उचलला. त्या आईला घरात कसं वागवलं जातं, हे विचारायचं राहूनच गेलं. मीही तेच केलं.

चौथ्या भेटीत तो बाहुल्यांचं घर मांडत होता. सगळ्या बाहुल्या त्याने निजवल्या, एक दाराशी उभी केली. मी विचारलं, "हा झोपत नाही का?"

"तो झोपला तर पप्पा मम्मीला मारतात."

वर्गातल्या पेंगण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. हे मूल रात्रभर पहारा देत होतं.

मग मी आईला एकटीला भेटले. ती बोलली. मुलगा धाकट्या बहिणीला थोबाडीत मारतो, आणि तेव्हा तोंडात शिव्या वडिलांच्याच असतात, हेही तिने सांगितलं. दाराशी उभा राहणारा आणि बहिणीवर हात उगारणारा, मुलगा एकच. दोन्ही गोष्टी तो त्याच घरात शिकला.

पुढचं काम माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. एका महिला संघटनेच्या मदतीने आई संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तुम्हाला पाठ आहे: कलम १८ खाली संरक्षण, १९ खाली राहत्या घराचा हक्क. पण कलम २१ आपण विसरतो. मुलांचा तात्पुरता ताबा त्याखाली मागता येतो, आणि वडिलांच्या भेटीने मुलाला अपाय होणार असेल तर न्यायदंडाधिकारी ती भेट नाकारू शकतात. आईला आदेश मिळाला. तरीही कित्येक रात्री मुलगा जागाच होता. आता तो झोपतो. हात अजून अधूनमधून उठतो. वडिलांची आठवण काढून रडतोही. त्यासाठी त्याला कुणी रागावू नये.

मुंबईत १९८४ साली पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने विशेष कक्ष सुरू केला, तो 'महिला आणि बालकांसाठी' होता. ती दोन्ही नावं एकत्र का, हे मला या मुलाने शिकवलं.

म्हणून तीन विनंत्या. बाई केंद्रावर आली की तिच्या मुलांच्या झोपेची, शाळेची चौकशी करा. मुलाला साक्षीदार किंवा निरोप्या करू नका. आणि 'बापावर गेलाय' हे त्याच्यादेखत कधीही म्हणू नका. तो आठ वर्षांचा आहे. कुणावर जायचं, हे अजून ठरायचंय.