हातचा आला आणि जिना मोडला

ही संख्या पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं मोजली आहेत. त्यांतल्या सतराव्या, ‘मध्य’ नावाच्या स्थानावर आपला डावीकडचा एक बसला आहे.

हा नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग. चमत्कार वाटतो ना? मग शाळेतल्यासारखा गुणाकार मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. अगदी उजवीकडे एकच एक, शेजारी दोन, मग तीन, असं चढत चढत मधल्या रांगेत नऊ. तिथून पुन्हा उतरण, जणू जिनाच. हातचा कुठेच नाही. कागदावर एक्क्याऐंशी एक मांडले, म्हणून उत्तरातल्या अंकांची बेरीजही ८१.

अशा संख्यांवर जीव जडवला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. या संख्यांना त्यांनी नाव दिलं ‘डेमलो’! ते जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनाचं. तेच आजचं डोंबिवली, असं सांगतात. कापरेकरांच्या या आकडेमोडीला पोरखेळ म्हणणारे गणितीही होते. मार्च १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

आता दहाव्या एकाला गंमत होते. दहा एकांचा वर्ग करा : १२३४५६७९००९८७६५४३२१. एकोणीस अंक, परार्धही मागे पडला. पण जिना मोडला. मधल्या रांगेत दहा एक आले, शून्य लिहून हातचा एक पुढे गेला. तिथल्या नवाचे दहा झाले, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढचा आठ नऊ होऊन बसला. चढणीवरचा आठ हरवला तो असा. मांडलेले एक शंभर, अंकांची बेरीज मात्र ८२. दोन हातच्यांनी नऊ-नऊ खाल्ले.

मला स्वतःला हा मोडका जिनाच जास्त आवडतो. त्याचे दोन तुकडे करा, उजवीकडे दहा अंक ठेवून : १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज करा, दहा एक : ११११११११११. ज्या संख्येचा वर्ग केला तीच परत! वर्ग तोडून जोडला की मूळ संख्या देणाऱ्या अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. २९७ घ्या : वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७.

आपला अखंड जिना मात्र या परीक्षेत नापास. १२३४५६७८ अधिक ९८७६५४३२१ केले की नऊ नव येतात, ९९९९९९९९९. कारण नऊ एकांना नवानं पूर्ण भाग जातो. दहा एकांना भागलं की बाकी एक उरते.