कापूस वेचणी आणि मजुराचे मन

वेचणीच्या दिवसांत एक गाऱ्हाणे हमखास कानी येते, "साहेब, किलोमागे मजुरी वाढवली, तरी कापसात पाचोळा तेवढाच!" बियाणे, खते, औषधे यांवर आपण नेहमी बोलतो. आज काम करणाऱ्या माणसाविषयी बोलू.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारले, कामात तुमचे मन केव्हा रमले आणि केव्हा विटले? त्यावरचे पुस्तक १९५९ साली निघाले. गंमत अशी की विटण्याची कारणे एक निघाली आणि रमण्याची दुसरीच. वरिष्ठांचा जाच, गैरसोय, अपुरा पगार यांनी माणूस नाराज होतो. पण एवढे सुधारले म्हणून तो मन लावून काम करीलच असे नाही. मन लागते ते काम तडीस गेल्यावर, कोणी त्याची दखल घेतल्यावर, जबाबदारी मिळाल्यावर.

आता हे आपल्या कपाशीत आणून बघा. नुसत्या किलोवर मजुरी म्हणजे तुम्ही वजन विकत घेता. मग बाई दव असतानाच वेचणार, कवडी आणि चांगला कापूस एकाच ओटीत टाकणार. यात तिचे काय चुकले? ज्याचे पैसे तुम्ही देता तेच ती आणून देते. भाव पडतो तो मात्र तुमच्या कापसाचा.

तेव्हा दव वाळल्यावरच वेचणी सुरू करा. कवडीसाठी प्रत्येकीला वेगळी पिशवी द्या. स्वच्छ कापसाला किलोमागे थोडी जादा मजुरी आधीच बोलून ठेवा. कवडी वेचायलाही हात तेवढेच चालतात, म्हणून तिचीही मजुरी द्या; नाहीतर ती झाडावर राहील, नाहीतर चांगल्या कापसात दडून येईल. वजन सर्वांसमोर करा, काटा तिला दिसू द्या. जिचा कापूस स्वच्छ, तिचे नाव घेऊन तसे सांगा. पुढच्या वेच्याला टोळीचा कापूस तपासण्याचे काम तिच्याकडे सोपवा आणि तेवढ्या वेळेची मजुरी वेगळी धरा.

एक मात्र बजावून सांगतो. हर्झबर्ग यांनी विचारले ते नोकरदार लोकांना. जिथे संध्याकाळच्या मजुरीवर घरात पीठ येते, तिथे पैसा पहिला. अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली मांडले, की पोटाची गरज बऱ्यापैकी भागल्यावरच माणसाला मानाची गरज जाणवू लागते. मला हे पुरते पटत नाही, उपाशी माणसालाही मान कळतो. पण शाबासकी दिली म्हणून मजुरी अडवून धरायची, असा अर्थ कोणी काढू नये. हिशेब आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पुरता चुकता करा. आणि पाण्याचा माठ लांब बांधावर नको, वेचणी जिथे चालू आहे तिथे नेऊन ठेवा.