माशांच्या टाकीचें विरजण

दह्याचें भांडें घासावयास टाकण्यापूर्वीं त्यांतलें चमचाभर दहीं विरजणासाठीं बाजूस काढावें, हें कोणत्याहि गृहिणीस शिकवावें लागत नाहीं. मला मात्र हा धडा साठी उलटल्यावर गिरवावा लागला, आणि तोहि माशांच्या हातून.

माझ्या नातीनें हौसेनें काचेच्या टाकींत चार गोल्डफिश पाळले होते. टाकींतील पाणी गाळणारा फिल्टर जुना झाला, त्याची धार मंदावली. मीं नवा आणून बसविला, जुना केरांत टाकला, आणि मास्तरकीच्या शिस्तीस अनुसरून तळांतले खडेहि नळाखालीं खळखळून धुतले. पाणी आरशासारखें दिसूं लागलें. पांचव्या दिवशीं सकाळीं पाहतों, तों दोन मासे मरून तरंगत आहेत व उरलेले दोन वर येऊन धापा टाकीत आहेत! "आजोबा, पाणी तर इतकें स्वच्छ आहे, मग मासे कां मेले?" असें नातीनें विचारलें, तेव्हां जन्मभर मुलांच्या प्रश्नांस उत्तरें देणारा मी निरुत्तर झालों.

उत्तर पुढें वाचनानें सांपडलें. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यांत सोडीत असतात. विष्ठा व उरलेलें अन्न कुजूनहि तोच निर्माण होतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु माशांस तो विषच होय. सुदैवानें निसर्गानें त्यावर उतारा ठेवला आहे. कांहीं सूक्ष्म जीवाणू अमोनियाचें नायट्राइट करतात व कांहीं त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइटहि घातक, कारण त्यामुळें माशाच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होते. नायट्रेट मात्र त्या मानानें सौम्य. वरचेवर थोडें पाणी बदललें कीं तो आटोक्यांत राहतो. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञानें अशा जीवाणूंचें कार्य प्रयोगानें सिद्ध केलें.

आतां मुख्य मुद्दा असा कीं, हे जीवाणू पाण्यांत फारसे नसतात. फिल्टरचा स्पंज, खडे, काच यांस ते चिकटून राहतात. त्यांची वाढहि संथ. नवी वसाहत उभी राहण्यास चार ते सहा आठवडे सहज लागतात. मीं स्वच्छतेच्या नांवाखालीं निम्मी वसाहत केरांत टाकली व उरलेली नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें मारली. म्हणजे दह्याचें भांडें घासलें, पण विरजण ठेवलें नाहीं!

तेव्हां फिल्टर बदलावयाचा असेल, तर जुना व नवा दोन्ही एकाच टाकींत महिना-दीड महिना एकत्र चालूं द्यावे. नव्यावर वसाहत आपोआप बसते. जागा नसेल, तर जुना स्पंज नव्या फिल्टरमध्यें, पाण्याच्या प्रवाहांत बसवावा. तो मळला असेल, तर टाकींतलेंच पाणी बादलींत काढून त्यांत हलक्या हातानें पिळावा; नळाखालीं धरूं नये. या जीवाणूंस प्राणवायु लागतो. म्हणून स्पंज वाळूं देऊं नये आणि बंद फिल्टरमध्यें तासन्‌तास कोंडूनहि ठेवूं नये.

त्याच आठवड्यांत खडे धुण्याचा उत्साह आवरावा व माशांस अन्न बेतानें घालावें. बाजारांत पाणी तपासण्याचें साहित्य मिळतें. त्यानें अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आहेत कीं नाहींत हें पाहत जावें. ते आढळल्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. मात्र नवें पाणी क्लोरीन घालविलेलें व टाकींतल्या पाण्याइतक्याच उष्णतेचें असावें.

आमचे ते दोन मासे अशा पाणी बदलण्यानें वांचले. पुढें पुन्हां फिल्टर बदलण्याची वेळ आली, तेव्हां मीं बाह्या सावरून टाकीपाशीं गेलों, तों नात आडवी आली. जुना स्पंज हातांत धरून ती म्हणाली, "आजोबा, आधीं विरजण!"

श्रोतेहो, स्वच्छ दिसणें आणि निर्मळ असणें यांत अंतर आहे, हें मी तिच्याकडून शिकलों.