नक्कल, सनद आणि मुदत

वसई, नालासोपारा किंवा विरार, यांपैकी कोणत्याही स्थानकाबाहेरच्या मोबाइलच्या दुकानात भिंतभर टांगलेली कव्हरे आपण पाहिली असतील. तिथे नुसता फोन पुढे करून भागत नाही. दुकानदार मॉडेलचे नेमके नाव विचारतो, कारण समोरून पाहता सख्खी भावंडे वाटावीत अशी ही यंत्रे पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या भोकावरून आणि कडेच्या बटणाच्या जागेवरूनच काय ती वेगळी ओळखू येतात. ज्या कंपन्यांनी देशोदेशींच्या न्यायासनांपुढे परस्परांवर चौर्याच्या फिर्यादी गुदरल्या, त्यांचाच माल इतका एकसारखा निघावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते खरी.

परंतु या व्यवहारात उसनवारी दोन्ही बाजूंनी चालते. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढताच सूचनांची यादी उलगडावी, ही सोय अँड्रॉइडमध्ये आधी आली आणि ॲपलने ती २०११ साली उचलली. त्याच वर्षी सॅमसंगने काढलेल्या ‘नोट’ या फोनच्या अवाढव्य आकाराची पुष्कळांनी थट्टा केली, आणि तीनच वर्षांनी ॲपलचाही फोन त्याच वाटेने वाढला. खोक्यातून चार्जर काढून टाकल्याबद्दल २०२० साली ॲपलला चिमटे काढणाऱ्या सॅमसंगने थोड्याच महिन्यांत आपल्याही खोक्यातला चार्जर गाळला, म्हणजे दुसऱ्याने काय दिले याचेच नव्हे, तर काय द्यायचे बंद केले याचेही अनुकरण होते!

या दोघांमधला मुख्य दावा ॲपलने एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल केला. फोनचा गोलाकार कोपऱ्यांचा दर्शनी भाग, चित्रांची ओळीने केलेली मांडणी, यादी संपली की पडद्याने किंचित उसळी घेऊन जागेवर येणे, असल्या बाबींवरून ज्यूरीने ऑगस्ट २०१२ मध्ये एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. विशेष म्हणजे ॲपलच्या फोनांतील चिप त्या काळात सॅमसंगच घडवून देत असे. दाव्याची कैफियत एका दालनात आणि मालाची मागणी दुसऱ्या दालनात, असा तो संसार होता. बाह्यरूपाची नक्कल झाली तर नफा संपूर्ण फोनावरचा मोजायचा की त्यातील एखाद्या भागावरचा, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत खाली आला, आणि जून २०१८ मध्ये उभयतांनी तडजोड केली. १८०२ च्या वसईच्या तहाची कलमे आपल्याला निदान वाचायला तरी मिळतात. ॲपल-सॅमसंगच्या या तहाची कलमे गुप्तच राहिली. ज्या फोनांवरून तंटा पेटला, ते तोवर दुकानांतून केव्हाच नाहीसे झाले होते.

एवढ्या दूर न जाता आपल्याच महाराष्ट्रातील एका कंपनीचे उदाहरण मला अधिक बोधप्रद वाटते. पुण्याच्या बजाज ऑटोने २००३ साली ‘पल्सर’ मोटारसायकलीत जे इंजिन बसवले, त्यात प्रत्येक सिलिंडरला एकाऐवजी दोन स्पार्क प्लग होते. इंधन वाचवण्यासाठी हवेचे प्रमाण वाढवून मिश्रण विरळ केले की एका ठिकाणी पेटलेली ज्वाला सर्वत्र पोचायला विलंब लागतो. दोन बाजूंनी ठिणगी पडली, तर तेच मिश्रण झटकन आणि पूर्ण जळते. बजाजने १६ जुलै २००२ रोजी अर्ज करून याचे पेटंट मिळवले होते, आणि त्यात सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर, अशी सीमाही आखून घेतली होती. २००७ च्या अखेरीस तामिळनाडूच्या टीव्हीएसने दोन प्लगांची ‘फ्लेम’ पुढे आणली, आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. आमच्या इंजिनाला तीन झडपा आहेत आणि दोन प्लगांची कल्पना होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटातच आहे, हे टीव्हीएसचे म्हणणे. लहान व्यासाच्या इंजिनात विरळ मिश्रणासाठी तिचा असा उपयोग करणे, हाच आमचा शोध, हे बजाजचे. फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम निघाला, तेव्हा टीव्हीएसने एकाच प्लगाची गाडी बाजारात आणली. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो हुकूम उठवला. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मोकळीक देऊन हिशेब चोख ठेवण्यास फर्मावले, आणि अशा दाव्यांत अंतरिम हुकमांवरच वर्षे जातात याबद्दल नाराजी दाखवून, सुनावणी रोजच्या रोज घेऊन सामान्यतः चार महिन्यांत निकाल द्यावा, असे बजावले. प्रत्यक्षात उभय पक्षांचा समेट झाला तो २०१९ साली. पेटंटाची मुदत वीस वर्षांची. त्यातली अकरा-बारा या बखेड्यात गेली.

म्हणून माझे असे मत बनले आहे की, या लढाया कल्पनेच्या मालकीसाठी लढल्या जात असल्या, तरी त्यांत खरोखर विकत घेतला जातो तो काळ. प्रतिस्पर्ध्याचा माल एक दिवाळी अडवून धरला, तरी निकाल काहीही लागो, बाजार त्याच्या हातचा जातो. आणि असा काळ विकत घेणे ज्याच्या तिजोरीला परवडते, त्यालाच पेटंटाची सनद फळते. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांच्या नावावर टंक ओतण्याच्या यंत्रासह अनेक पेटंटे होती, आणि दादाभाई नौरोजींसारख्यांचे साहाय्यही त्यांना लाभले. तरीही लंडनात भांडवल उभे राहता राहता आयुष्याची उमेद सरली, आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा अंत झाला.

आता आपल्या वसईतल्या सातिवलीच्या, वालिवच्या किंवा गोखिवऱ्याच्या गाळ्यांकडे वळू. तिथल्या साचे बनवणाऱ्या कारागिरापुढे व्यापारी एक तयार नग ठेवतो आणि म्हणतो, “असाच पाहिजे, फक्त जरा बदलून द्या.” कारागीर व्हर्निअर लावून मापे घेतो, नग मधोमध कापून भिंतीची जाडी पाहतो, आतल्या बाजूला ती बारीक पट्टी कशासाठी दिली असावी याचा विचार करतो, आणि चार-पाच नगांनंतर ती पट्टी कुठे नको हेही त्याला कळू लागते. या विद्याभ्यासाला मी चोरी म्हणणार नाही. मात्र असा शिकलेला मनुष्य उद्या स्वतःचे काही नवे करतो, तेव्हा तो कायद्यापुढे अगदी एकटा असतो. मुंबईच्या अँटॉप हिलवरील पेटंट कार्यालयाकडे अर्ज करण्याची फी व्यक्तीला १,६०० रुपयेच आहे. परंतु अर्जाचा मसुदा तयार करून देणाऱ्याची बिदागी वेगळी, आणि अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झाला की आपली सगळी युक्ती जगाने वाचायची! त्यापेक्षा पहिल्या सहा महिन्यांत जेवढा माल खपेल तेवढा खपवावा, असा हिशेब तो करतो, आणि तो मला चुकीचा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला सहज साधण्याजोगी आहे. वस्तूचे नुसते रूप नवे असेल, तर डिझाइनची नोंदणी करता येते. तिची मुदत दहा वर्षे, पुढे पाच वर्षे वाढवून मिळते, आणि खटाटोपही पेटंटाहून पुष्कळ कमी. फक्त ती माल बाजारात येण्यापूर्वी करायची असते. नग एकदा दुकानाच्या फळीवर लागला किंवा त्याचे चित्र जाहिरातीत छापून आले, की त्याचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपते, आणि मग अर्ज कितीही नेटका असला तरी तो फेटाळला जातो.