चकाकी किती, कुठे आणि कशावर



कसाऱ्यापर्यंत रेल्वे पोचली १८६१ मध्ये. तेव्हापासून आसनगाव, आटगाव, खर्डीच्या लोकांनी इंजिनांच्या कितीतरी पिढ्या पाहिल्या. पुढे कसाऱ्याजवळच्या थळ घाटाच्या ३७ला १ चढावर गाड्या चढवायला विजेवर चालणारं डब्ल्यूसीजी-१ इंजिन आलं. रेल्वेची माणसं त्याला ‘खेकडा’ म्हणत. अशा गाड्यांची छोटी मॉडेल घरी बनवणारे हौशी लोक आहेत, आणि त्यांचा सगळ्यांत नाजूक प्रश्न असतो शेवटचा: रंगाला पॉलिश करायचं का, आणि त्याआधी वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा का?

रेल्वेच्या मॉडेलचं एक प्रचलित प्रमाण ८७ला १ आहे. म्हणजे मॉडेलवर दशांश मिलिमीटरचा धुळीचा कण चिकटला, तर खऱ्या डब्यावर तो जवळजवळ नऊ मिलिमीटरचं टेंगूळ ठरेल. रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसला, तर तेही तसंच मोठं होऊन डोळ्यांत खुपतं. पॉलिशचं खरं काम हा खरबरीतपणा काढणं. चकाकी त्यामागून येते.

क्लिअरचं उत्तर रंगावर अवलंबून आहे, आणि त्यासाठी डेक्कन क्वीनचं उदाहरण उत्तम. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली, तेव्हा तिचा एक रेक, म्हणजे डब्यांचा संच, रुपेरी होता, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. रुपेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. त्यावर थेट घासायचा पेपर फिरवला की पापुद्रे कापले जातात आणि काळसर डाग पडतो. तिथे क्लिअर हवाच. घासायचं ते क्लिअरला, रंगाला नाही. निळा रंग एकजिनसी, तो तसाच घासता येतो. पण सोनेरी रेघा डिकलच्या, म्हणजे चिकटवायच्या पातळ चित्रपट्टीच्या, असतील तर घासताना पहिल्यांदा त्याच जातात, म्हणून तिथेही क्लिअर लागतो. अक्षरं नाहीत, रेघा नाहीत, साध्या एकाच रंगाचं मॉडेल आहे, तर मात्र क्लिअरची गरज नाही. रंगाचे हात पुरेसे दिलेले असले म्हणजे झालं.

घासायला दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, मग त्याहून बारीक. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. कडा आणि उठावाच्या रेषा यांवर हात हलकाच ठेवावा, कारण रंग तिथेच सर्वांत पातळ असतो आणि तिथेच आधी खालचं प्लास्टिक उघडं पडतं. त्यानंतर कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, तीही जाड, बारीक, अतिबारीक अशा क्रमाने, मऊ सुती कापडावर. यंत्र लावू नये. घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं.

शहापूर-मुरबाडकडच्या मंडळींनी पावसाळ्याचं विशेष भान ठेवावं. लॅकर जातीचा रंग फवारला की त्यातला थिनर झपाट्याने उडून जातो, पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंगावर दुधी झाक येते. ती पॉलिशने जात नाही, कारण ती थराच्या आत असते. काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवणं बरं. एनॅमल रंग तर अनेक दिवस आतून ओलाच असतो. मॉडेल नाकाशी धरून पाहावं. रंगाचा वास येत असेल तोवर पेपर लावू नये.

आणि खेकड्याचं काय? त्याला आरशासारखं पॉलिश करणं मला मुळीच पटत नाही. घाटात ओझं ओढणारं ते मालगाडीचं इंजिन. त्याच्या अंगावर ब्रेकची धूळ आणि तेल असायचं. त्याला खरबरीतपणा घालवण्यापुरतं घासावं आणि वर मंद चकाकीचा क्लिअर द्यावा.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात खरा खेकडा उभा आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून खुलं आहे. कंपाउंडची डबी उघडण्याआधी ही दोन्ही ठिकाणं जरूर पाहून या.